बीबीसी मायक्रो: वरच्या कवचावरचे पट्टे अखेर गेले

बीबीसी मायक्रो या १९८०च्या दशकातल्या संगणकाच्या ज्या वरच्या कवचावर, पिवळेपणा काढताना पांढरट पट्टे उमटल्याचे गेल्या नोंदीत लिहिले होते, त्याचा रंग आता कडेपासून कडेपर्यंत एकसारखा झाला आहे आणि ते पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. भारतातील शाळांत संगणक शिकवण्यासाठीच्या क्लास प्रकल्पातून आलेल्या यंत्रांपैकी हे एक, वर्षानुवर्षे खिडकीशी ठेवलेले. साधी काच ३२० नॅनोमीटरपेक्षा लांब लहरींचे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते आणि कवचाच्या एबीएस प्लॅस्टिकमधील ब्युटाडाइन या घटकाचे ऑक्सिडीकरण घडवायला ते पुरेसे असतात. त्यामुळे खिडकीकडची बाजू गर्द पिवळी पडली होती, तर चिकटवलेल्या लेबलाखालचा चौकोन मूळ फिकट बदामीच राहिला होता.

पट्ट्यांनी मात्र फार छळले. पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळणारे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे, केसांसाठीचे क्रीम डेव्हलपर पिवळेपणा घालवायला लावून वर पारदर्शक फिल्म गुंडाळली, की जिथे बुडबुडा अडकतो किंवा क्रीम सुकते तिथे रंग उडण्याचा वेग बदलतो आणि ती सीमा प्लॅस्टिकवर उमटते. पुन्हा थर दिला, तर जुना पट्टा पुसट होतो आणि शेजारी नवा उठतो. रुंद, सपाट भागांसाठी क्रीम वापरूच नये, असे माझे ठाम मत झाले आहे. कळांसाठी ते ठीक.

अखेर कवच पारदर्शक डब्यात, सुमारे ६ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पूर्ण बुडवून गच्चीवरच्या उन्हात ठेवले. सुटणाऱ्या ऑक्सिजनचे बुडबुडे प्लॅस्टिकला चिकटून ते वर उचलतात, म्हणून अधूनमधून ते उलटावे लागते. डब्याचे झाकण सैलच ठेवावे, हातमोजे आणि चष्मा विसरू नये. लेबलाखालचा चौकोन आता शोधूनही सापडत नाही!

दरम्यान वीजपुरवठ्यातील तडकलेले कपॅसिटरही बदलले.

खालच्या कवचालाही हेच द्रावण द्यायचे ठरले होते, पण ही नोंद लिहिताना बेत बदलतो आहे. पेरॉक्साइडने उजळलेले प्लॅस्टिक पुढे अंधारातही पुन्हा पिवळे पडू शकते, तर काही जणांचे भाग नुसत्या उन्हानेही उजळले आहेत. खालचे कवच फारसे पिवळे नाही, तेव्हा त्याच्या अर्ध्या भागावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून, पेरॉक्साइड न लावता, ते आधी उन्हात ठेवतो. फॉइलच्या रेषेच्या कोणत्या बाजूचा रंग फिकटतो, यावरून पुढचे ठरवीन.