जादूगोड्याच्या हापशाचं पाणी तपासताना: माझा अनुभव

झारखंडमधल्या जादूगोड्याला १९६७ च्या सुमारास युरेनियमची खाण सुरू झाली. तिथे हजार किलो दगडातून जेमतेम अर्धा किलो युरेनियम निघतं. युरेनियम काढून उरलेला बारीक गाळ कारखान्याच्या गाळ-तलावात जातो आणि बरंचसं रेडियम त्याच्यासोबत. म्हणून प्रयोगशाळेला नुसतं ‘रेडिएशन बघा’ सांगून भागत नाही. युरेनियम, रेडियम आणि रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू, या तीन वेगळ्या चाचण्या. मी बाटल्याही वेगळ्या भरतो.

आधी हापसा पाच-दहा मिनिटं मारायचा, पाइपातलं गंजकं पाणी जाऊ द्यायचं. युरेनियमसाठी प्लास्टिकची लिटरभर बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मगच नायट्रिक आम्ल, पीएच २ च्या खाली येईल इतकं. आम्ल आधी पडलं तर गाळातलं युरेनियम विरघळून आकडा फुगतो; पडलंच नाही तर युरेनियम बाटलीला चिकटून आकडा घटतो. पण लोक काही मायक्रॉन फिल्टरने गाळून पीत नाहीत, तेव्हा एक न गाळलेली बाटलीही घ्यावी.

रेडॉनला काचेची बाटली, काठोकाठ, आत एकही बुडबुडा नको. भरल्याची वेळ लिहायची, कारण ३.८ दिवसांत निम्मा रेडॉन संपतो.

फ्लोरिमीटर म्हणजे युरेनियमची चमक मोजणारं यंत्र; त्यावर लोह आणि क्लोराइड ही चमक दाबतात, म्हणून नमुन्यात ठरावीक युरेनियम मिसळून पुन्हा मोजायला सांगावं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम. एवढ्या पातळीला किरणांआधी काळजी मूत्रपिंडाची; हाडांची काळजी मुख्यतः रेडियममुळे.

आकडा जास्त आला की सगळे तलावाकडे बोट दाखवतात. पण जादूगोडा ज्या सिंहभूम भागात आहे, तिथला खडकच युरेनियमचा आहे. कारखान्यात गंधकाम्ल आणि मँगनीजचं खनिज वापरतात, म्हणून सल्फेट आणि मँगनीजही मोजून घ्यावं, आणि चढावरच्या, तलावापासून लांबच्या हापशाचा नमुना जोडावा. युरेनियम चढं पण ही दोन्ही त्या लांबच्या हापशाइतकीच असतील, तर संशय आधी खडकावर.

उकळल्याने युरेनियम जात नाही, उलट पाणी आटून घट्ट होतं. कँडल आणि यूव्ही इथे निरुपयोगी. आरओ बहुतेक काढतं. मात्र आरओने टाकलेलं पाणी हापशाजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नये, ते झिरपून त्याच हापशात येऊ शकतं.