दुसरा कुणी घेऊ का

स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये मी सात-शून्य हरल्यावर छोट्या म्हणाला, "ताई, दुसरा कुणी घेऊ का?"

बस्स, एवढंच. चेष्टा नव्हती त्यात, तेच तर लागलं. चेष्टा केली असती तर चार शिव्या हासडून शांत झोपले असते. पण हेडफोनमधून आवाज असा सांभाळून आला, आजारी माणसाला विचारतात ना 'थोडं पाणी देऊ का', तसा. मी म्हटलं नको, केनच ठेव (त्याचा फायटर). मग आठवी पण हरले आणि नेट गंडलंय म्हणून बंद केलं. नेट मस्त चालू होतं.

आता दीड वाजलाय आणि मला झोप नाही.

मुळात केन हा प्रकारच मला आवडत नाही. श्वास घेऊ देत नाही हो तो. माझा गाईल बिचारा बसून खेळणारा, मागे दाबून ठेवा, चार्ज भरू द्या, लांबून सॉनिक बूम सोडा, वैतागून कुणी उडी मारून आलंच तर फ्लॅश किक, वर उडत मारायची लाथ. निवांत माणसाचं काम. (नाव गाईल, पण गात काही नाही, मुकाट कोपऱ्यात मार खातो.) आणि समोरून हा, हिरवा झोत टाकत ड्राइव्ह रश, म्हणजे झपाट्याने अंगावर धाव, मग जिनराई नावाची लाथेमागून लाथ, त्यातली एक वरून कुऱ्हाडीसारखी येते ती बसून ब्लॉक होत नाही, आणि एक कॉम्बो लागला की अर्धी स्टेज ओलांडून माझी पाठ भिंतीला. तिथून पुढे सगळा जुगार. थ्रो, म्हणजे पकडून फेकणं, सोडवायला बटण दाबावं तर तो एक पाऊल मागे सरकतो, माझा थ्रो हवेत जातो आणि मी उघडी पडते. पॅरी, म्हणजे येणारा फटका परतवायची ढाल, धरून बसावं तर थ्रो करतो, आणि पॅरीत थ्रो बसला की डॅमेज अजून जास्त. काही करा, चूकच. आठ मॅच मी हेच म्हणत होते, काही करा चूकच, काही करा चूकच.

वय झालं असेल माझं. बोटं चालत नाहीत पहिल्यासारखी. ऑफिसातही परवा तो नवीन मुलगा म्हणाला की मॅडम मी करून देऊ का... जाऊ दे, तो विषय नको.

पण 'दुसरा कुणी घेऊ का' म्हणजे काय? म्हणजे त्याला दया आली. मला, जिने याचा अंगठा धरून धरून पॅडवर खालून पुढे फिरवायला शिकवलं, हडोकेन, तो हातातून सुटणारा गोळा, निघेपर्यंत. आणि केन कुणामुळे आवडायला लागला याला? मीच दाखवला होता तो २००४ च्या इव्हो स्पर्धेतला व्हिडिओ, दायगो उमेहारा या जपानी खेळाडूचा केन, हेल्थ संपल्यातच जमा, समोर जस्टिन वाँगची चुन-ली सुपर सोडते आणि हा पठ्ठ्या पंधराच्या पंधरा फटके पॅरी करतो, वर उलटून मारून जिंकतो. छोट्याने तो त्या दिवशी किती वेळा बघितला देव जाणे. तेव्हापासून केन म्हणजे केन.

झोप येईना म्हणून रिप्ले लावला. तोंडावर आपटायची हौस. फ्रेम मीटर (कुठली हालचाल किती फ्रेम चालते ते दाखवतं) लावलं, कुठलं बटण कधी दाबलं ते दिसायला ठेवलं आणि दोन मॅच वहीत मोजल्या. १९ वेळा मी पडून उठले. त्यातल्या १४ वेळा उठल्या उठल्या ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ड्राइव्हचा साठा खर्चून मारलेली जोरदार, फ्लॅश किक. त्यातल्या ११ छोट्याने नुसत्या ब्लॉक केल्या.

मी थांबवून परत बघितलं. तो काहीच करत नाहीये! मी उठत असते आणि त्याचा केन समोर गपचूप बसून ब्लॉक धरून, जिन्यात दबा धरलेल्या मांजरासारखा. मला तर खेळताना वाटत होतं की हा अखंड अंगावर येतोय. येत होता पहिल्यांदा, तीन-चार वेळा, खोटं कशाला बोलू. मग त्याला कळलं की आता यायची गरज नाही, ताई स्वतःच वर उडणार आहे, आपण खाली उभं राहून झेलायचं.

आणि हिशोब बघा. ड्राइव्हच्या बार सहा, एक ओव्हरड्राइव्ह दोनाची. घाईघाईत तीन वेळा उडाले की सगळा गल्ला मीच रिकामा केला, बर्नआउट. त्यात कोपऱ्यात त्याचा ड्राइव्ह इम्पॅक्ट, तो एकच जबर हल्ला, ब्लॉक केला तरी गाईल चक्कर येऊन डोलतो, आणि मग पुढचं बघवत नाही. बर, बर्नआउट नसताना मारलेले इम्पॅक्ट पण मी खाल्लेत. २६ फ्रेम लागतात त्याला निघायला, सेकंदात ६० फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाला थोडा कमी वेळ. दिसतो. उलटा इम्पॅक्ट मारला की नंतर मारणाऱ्याचा जिंकतो, हेही मीच शिकवलंय त्याला. पण बघायला नजर मोकळी पाहिजे ना, मी आपली बटणं बडवण्यात गुंग.

बसून खेळणारी म्हणे. निवांत म्हणे.

आणि आणखी एक आठवलं, ते नको होतं आठवायला. हे वाक्य माझं आहे. तो लहान असताना हरून हरून रडकुंडीला आला की मीच म्हणायचे, थांब मी दुसरा कुणी घेते, आणि मला ज्याचं काहीच येत नाही असा कुणीतरी घेऊन त्याला जिंकू द्यायचे. मला वाटायचं त्याला कळत नाही. एकदा त्याने पॅड गादीवर आपटला होता आणि म्हणाला होता, नको, गाईलच घे. आम्ही किती हसलो होतो त्याला.

हं.

मग ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन केनला दोन गोष्टी रेकॉर्ड करून दिल्या, एक थ्रो, एक नुसतं थांबणं, आणि आलटून पालटून लावल्या. मला फक्त उठून बसून ब्लॉक धरायचा होता. काहीही न करण्याचा सराव. दहातल्या सहा वेळा अंगठा वर गेलाच, माझं ऐकतच नाही तो.

आत्ता छोट्याचा मेसेज आला, 'नेट आलं का?' म्हणजे हा पण जागाच. आलं म्हटलं. केन ठेव.

परत आले. हरले, २-१. ती एक कशी आली ते सांगत नाही, त्याचा पॅड डिस्कनेक्ट झाला होता असं त्याचं म्हणणं आहे. पण शेवटच्या राउंडला कोपऱ्यात पडले आणि उठले आणि नाही उडाले. बसून राहिले. तोही समोर बसलेला, वाट बघत. दोघंही ढिम्म, वर घड्याळाचे आकडे कमी होतायत. चांगले दोन-तीन सेकंद गेले असतील.

"ताई, झोपलीस का?" म्हणाला, आणि थ्रो केला.