रोहिणीचे पाणी आणि उजनीचे पाणी

वर्षावासात, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एके ठिकाणी मुक्काम करतात त्या काळात, विहारांतून होणारी प्रवचने ऐकण्यासाठी मी सोलापूरला गेलो होतो. नान्नजच्या माळरानावर एक दिवस गेला, पण माळढोक काही दिसला नाही. लॉजच्या नळाला पाणी नव्हते आणि त्याबद्दल कुणाला आश्चर्यही वाटत नव्हते.

विहारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आयोजकांनी निम्मा वेळ वृक्षारोपणाच्या सत्कारांत घालवला आणि माझी चिडचिड झाली. खड्डा खणून छायाचित्र काढणे म्हणजेच पर्यावरणरक्षण, असा समज धम्माच्या व्यासपीठावरून तरी पसरू नये, असे मला मनापासून वाटते. भन्तेजींनी मात्र मूळ विषयाला हात घातला. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून वर्षावासाचा नियम झाला; पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून भिक्खूजवळ पाणी गाळण्याचे वस्त्र असते. पुढे ते रोहिणी नदीवर आले. सिद्धार्थाचे शाक्य कुळ आणि शेजारचे कोलीय पाण्यासाठी युद्धाला उठले, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे द्यावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, असे सिद्धार्थाने सुचवले होते. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात गृहत्यागाचे कारण म्हणून हाच प्रसंग दिला आहे.

तेवढ्यात मंगळवेढ्याकडच्या एक आजी उभ्या राहिल्या. "भन्तेजी, उजनीच्या पाण्याला ते चौघं कोण? आमच्या चारीला पाणी येईपर्यंत वरच्यांचा ऊस दोनदा भिजतो. त्या चौघांत टेलचा, कालव्याच्या शेवटच्या टोकाचा माणूस असतो का?"

सभागृह एकदम शांत झाले. उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचे पाणी. उरलेल्यावर शहरे, कारखाने आणि शेती यांची ओढाताण चालते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. माढ्याकडचे एक बागायतदार मागून म्हणाले, "आजी, उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर तरी मिळतो. ज्वारीचा हमीभाव कागदावरच राहतो. मी काय लावू?"

भन्तेजींनी दोघांनाही पुढे बोलावले. तृष्णा एकट्या शेतकऱ्याच्या मनात शोधू नका, म्हणाले. ऊस का लावला जातो, त्याला भाव कोण ठरवतो, पाणी आधी कुणाला मिळते, या कारणांची साखळी तपासणे म्हणजेच प्रतीत्यसमुत्पाद. पर्यावरणाच्या संकटाबद्दल बौद्ध विचार काय सांगतो, या विषयावरची बरीच व्याख्याने मी ऐकली आहेत, पण व्यक्तीच्या संयमावर न थांबता पाणीवाटपापर्यंत जाणारे हे पहिलेच.

जेवताना आजी माझ्या शेजारी बसल्या, माझ्या ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढून घेतली आणि मालदांडी ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर कशी येते, ते सांगू लागल्या. समोर बसलेले माढ्याचे गृहस्थ एकरी उताऱ्याचा हिशेब विचारत होते आणि त्या एकेक आकडा सावकाश सांगत होत्या.