पावसाला हरकत नाही

मार्चमध्ये मीच कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर) बसवून दिलेली एक पेट्रोल हॅचबॅक जुलैमधल्या एका सकाळी टोचन करून माझ्या गॅरेजमध्ये आली. आदल्या रात्री मुंबईतल्या हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात ती बंद पडली होती. मालक तरुण मुलगा, मला काका म्हणणारा. पाणी गुडघ्याच्याही खाली होते, असे तो पुन्हापुन्हा सांगत होता, आणि ते खरेच असावे.

कंपनीच्या एअर बॉक्सचे, म्हणजे मूळ फिल्टरच्या डब्याचे, हवा घेणारे तोंड या गाडीत रेडिएटरच्या वरच्या कडेजवळ आहे. मी बसवलेल्या इनटेक पाइपचा फिल्टर मात्र इंजिनच्या उष्णतेपासून दूर, बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे उतरतो, म्हणजे जमिनीपासून जेमतेम एक फुटावर येतो. गाडी बंद पडल्यावर सोबतच्या मित्राने चार-पाच वेळा सेल्फ मारला. व्हिडिओ पाहून मेस्त्री झालेली माणसे हेच करतात.

मी किल्लीला हात लावू दिला नाही. कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवले, चारही प्लग काढले आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी बॉनेटपर्यंत उडाली. बाराशे सीसीच्या या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला तीनशे सीसी येतात, आणि दहास एक कॉम्प्रेशन, म्हणजे हवा एक दशांश जागेत दाबली जाते असे धरले, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ३३ सीसी असते. पाणी दाबले जात नसल्यामुळे दोन मोठे चमचे भरून थोडे जास्त पाणीही पिस्टन अडवायला पुरते. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. दुसरा आणि तिसरा पिस्टन एकाच वेळी वर येतात, म्हणून प्लगच्या भोकांतून बारीक सळई सोडून दोघांची उंची ताडून पाहिली. तिसरा सुमारे दोन मिलिमीटर खाली थांबत होता, म्हणजे त्याचा रॉड वाकला होता. हेड उघडण्याआधीच निदान झाले होते, आणि ते चुकले नाही, याचा मला आजही थोडा अभिमान वाटतो.

इंजिन संरक्षणाचे जादा कलम पॉलिसीत नव्हते आणि पाइपची नोंदही विमा कंपनीकडे केलेली नव्हती, त्यामुळे सर्व्हेअरने दहा मिनिटांत हात झटकले. पॉलिसी विकताना एवढी तत्परता कोणी दाखवली असती, तर बरे झाले असते.

माझ्या डोक्यातून मात्र दुसरीच गोष्ट जात नाही. त्या फिल्टरवर पाणी न शोषणाऱ्या कापडाचा मोजा मीच चढवला होता. उडालेले शिंतोडे त्यावरून घरंगळून जातात. फिल्टर बुडाला की इंजिन त्याच कापडातून पाणी ओढून घेते. फिल्टर बुडाल्यावर वरच्या भागातून हवा घेऊ देणारा बायपास व्हॉल्व्हही मी सुचवला होता, पण त्याने पैशांमुळे नको म्हटले. क्लॅम्प आवळताना त्याने विचारले होते, "काका, पावसात चालेल ना?" मी मान वर न करता उत्तर दिले, "पावसाला हरकत नाही." मी पावसाबद्दल बोललो होतो, त्याने पाण्याबद्दल ऐकले. मुंबईत हा फरक बिलावर लिहून द्यायला हवा होता, आणि मी तो लिहिला नव्हता.

रॉड बदलून झाल्यावर मी मजुरी निम्मीच लावली. गाडी न्यायला आला तेव्हा त्याने विचारले, "काका, या वेळी दोन मोजे चढवू या का?" मी माळ्यावरून त्याचा जुना एअर बॉक्स खाली काढला. मार्चमध्ये त्यावर खडूने लिहिलेला गाडीचा नंबर अजून पुसला गेला नव्हता.