लग्नपत्रिकेचा सेन्सॉर आणि वयाचा दाखला

इंग्लंडमधील स्विंडनच्या बाजारात कोकणी किंवा मराठी कानी पडणे आता नवलाचे राहिलेले नाही, इतके गोमंतकीय येथे स्थायिक झाले आहेत. फोंड्याहून आलेल्या मलाही म्हणूनच परकेपणा सहसा जाणवत नाही. तो जाणवला २०२५ च्या उन्हाळ्यात.

त्या वर्षी २५ जुलैपासून ब्रिटनच्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट, २०२३ मधील बालसंरक्षणाच्या तरतुदी लागू झाल्या, आणि अश्लील किंवा आत्महत्येस उद्युक्त करणारा मजकूर मुलांपर्यंत जाऊ नये यासाठी संकेतस्थळांना वयाची पडताळणी करणे भाग पडले. ऑफकॉम ही नियामक संस्था १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक महसुलाच्या १० टक्के, यांपैकी जास्त असेल तेवढ्या रकमेपर्यंत दंड करू शकते. एवढी टांगती तलवार डोक्यावर असताना कंपन्या गरजेपेक्षा अधिक दारे बंद करणार, हे ओघानेच आले. एका नातलगासाठी मी दारू सोडू पाहणाऱ्यांचा एक चर्चागट वाचत होतो, तर तेथेही चेहरा दाखवा किंवा पासपोर्टचे छायाचित्र द्या, अशी सूचना आली. मी वाचन तेथेच थांबवले. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने मात्र आपण दुसऱ्या देशात आहोत असे संकेतस्थळाला भासवणाऱ्या व्हीपीएनचा उपाय शांतपणे सांगितला, आणि तो वर्गात बहुतेकांना ठाऊक आहे, असेही वर सांगितले.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरने मंजूर केल्याशिवाय छापता येत नसे, असे आजोबा सांगत. ही तुलना पूर्ण जुळत नाही, कारण तेव्हा सत्तेला टीका नको होती आणि येथे मुलांचे रक्षण करायचे आहे, जे बाप म्हणून मलाही हवेच आहे. तरीही वाचण्या-बोलण्यापूर्वी कागद दाखवायचा, आणि तो कोणाच्या कपाटात राहणार हे विचारायचेही नाही, ही सवय मला धास्तावते. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केले की त्याच्या एका बाहेरच्या सेवादाराकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असावीत. त्यांतली बरीचशी वयाबाबतच्या तक्रारींसाठीच मागवलेली होती.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली, आणि गोव्यातही तसाच विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या आहेत. त्यातच भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल ठरतो आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. मूल कोण आणि पालक कोण हे ठरवायचे, तर दोघांचीही ओळख कोठेतरी तपासावी लागणार. युरोपीय आयोगाने वय अठराच्या वर आहे एवढेच सांगणारे आणि नाव, जन्मतारीख न उघडणारे ॲप आखले आहे; गोव्यात काही करायचेच असेल तर त्याची सुरुवात अशा मार्गाने व्हावी, असे मला वाटते.

बहिणीच्या घरी हा प्रश्न आताच उभा आहे. मेव्हणे तारवटी, वर्षातले आठ महिने बोटीवर. बहीण नोकरीसाठी दुबईत. भाचा आजीपाशी, आणि घरातला मोबाइल आजीच्या नावावर. संमतीचा निरोप आला तर ती तो वाचून घेण्यासाठी भाच्यालाच हाक मारील.