माहेर शिराळ्याचं, म्हणून मलाच विचारतात

नागपंचमी जवळ आली की सासरी, ऑफिसात, सगळीकडं मला एकच प्रश्न, "तू बत्तीस शिराळ्याची ना, मग पंचमीला जिवंत नागांची पूजा आणि खेळ परत सुरू व्हावेत का नको?" आणि मी नको म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "माहेरच्याच परंपरेवर उठलीस होय!" तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी गावाची, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शिराळ्याची बाजू, कारण बाहेरच्यांना ती माहितीच नसते. आमच्याकडं नाग मारत नाहीत. घरात निघाला तरी काठी न काढता धरून लांब सोडतात. बाया त्याला भाऊ मानून उपवास धरतात, आणि पंचमीसाठी धरलेला नाग मडक्यात ठेवून सण झाला की परत रानात सोडायची पद्धत. गारुडी दात पाडतात तसलं गावात पाप समजतात.

पण मिरवणूक आणि स्पर्धा आली तिथं माझं गावाशी जमत नाही. कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच, त्याला बक्षीस. समोर मडकं हलवत राहायचं, नाग त्याच्यावर नजर ठेवून तसातसा हलतो, आणि खाली पब्लिक शिट्ट्या मारतंय की बघा कसा डोलतोय. अहो कुठला डोलतोय! निवांत नाग फणा काढतच नाही, बांधावरनं जाताना बघा, मान सरळ असते. भ्यायला की मानेच्या बरगड्या पसरतो, लांब राहा म्हणून. म्हणजे जो जास्त घाबरला त्याचा नंबर पहिला. शिवाय नागीण साधारण एप्रिल ते जुलैत अंडी घालते आणि त्यांच्यापाशी बसून राहते, आणि धरायची घाई नेमकी आषाढात.

1972 च्या वन्यजीव कायद्याखाली नागाला संरक्षण आहे, 2014 ला हायकोर्टानं जिवंत नागाचे खेळ बंद केले, 2025 ला केंद्रानं 21 नाग धरायची परवानगी दिली ती फक्त लोकांना माहिती द्यायला, पूजेला किंवा स्पर्धेला नाही. तरी पूजा बुडाली म्हणतात. गोरक्षनाथांची गोष्ट तर गावात पोरासोरांना पाठ आहे, ते महाजनांच्या दारी भिक्षेला आले तेव्हा घरात पूजा चालली होती ती मातीच्याच नागाची, जिवंत नाग नंतर आला. मग माती कमी कशी काय?

आणि हे मला विचारणाऱ्यांतले निम्मे त्या सर्पमित्रांच्या रीलला लाइक करतात बरं का, जे नाग शेपटीला धरून मोबाईलपुढं अर्धा तास खेळवत बसतात. शिराळकरांना नावं ठेवायच्या आधी ते अनफॉलो करा की, आणि घरात नाग निघालाच तर रीलवाल्याला बोलवू नका, वनखात्याचा 1926 लावा.