मेण आणि सोनं : लालिबेलाची पायी वारी

इथिओपियातलं लालिबेला म्हणजे दगडात कोरलेल्या अकरा चर्चचं तीर्थक्षेत्र. गाशेना गावापासून तिथपर्यंत साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, आणि आमच्यातले निम्मे लोक अनवाणी. मी बूट घालून होते तरी दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. जानेवारी २०१९ चालू होता, इथिओपियन पंचांगात २०११, आणि ७ जानेवारीला गेन्ना, म्हणजे इथिओपियन नाताळ. त्यासाठी लांबलांबच्या गावांतून लोक पांढरी सुती चादर, नेतेला म्हणतात तिला, अंगावर घेऊन चालत येतात, कुणी दोन दिवस, कुणी दोन-तीन आठवडे. मी तेव्हा आदिस अबाबाला कॉलेजात शिकवत होते. मूळची औरंगाबादची, आजोबा माळकरी, त्यांच्याबरोबर लहानपणी एकदाच पंढरपूरला चालत गेलेले, पण ती चाल पायात राहते बहुतेक, कारण इथे तासाभरातच मला परकं वाटेनासं झालं. मुक्कामाला पोचलं की कुणीतरी आधीच चूल पेटवलेली असायची. गेन्नाच्या आधी ४३ दिवस उपास, दूध नाही, अंडं नाही, मांस नाही, मग रोज इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी, आणि शिरो. शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच, आणि थंडीत, एवढ्या उंचीवर, गरम पिठलं मिळाल्यावर माणसाला अजून काय पाहिजे.

आमच्या दिंडीत (मी मनात दिंडीच म्हणत होते) एक म्हातारे मेरिगेता होते. मेरिगेता म्हणजे चर्चमधल्या गायनाचे आणि ग्रंथांचे जाणते. इंग्लिश बरं यायचं, कारण बादशहा हैले सेलासींच्या काळात तिथल्या शाळांत कितीतरी भारतीय मास्तर होते आणि यांनाही त्यातलेच एक लाभलेले. मला ते लिजे म्हणायचे, माझ्या लेकरा. मी नेटवर आफ्रिकेचं प्राचीन गूढ ज्ञान, बायबलचे लपवलेले अर्थ वगैरे बरंच वाचून आले होते, तर पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, तुमच्या ग्रंथांमधलं गुपित काय आहे? ते म्हणाले, तू जेवलीस का?

मग चालता चालता त्यांनी स्वतःचं शिक्षण सांगितलं. लहानपणी घर सोडून गुरूकडे गेले, अंगावर मेंढीचं कातडं, हातात कुत्र्यांसाठी काठी, आणि दारोदार जाऊन ‘बेएन्ते स्मा ले मारियाम’, येशूची आई मारियम हिच्या नावानं, असं म्हणत अन्न मागायचं. अशा मुलांना कोलो-विद्यार्थी म्हणतात, कोलो म्हणजे भाजलेलं जव. मी म्हटलं अहो ही तर माधुकरी! माझे पणजोबा असेच वारावर जेवून शिकले. हे ऐकून ते रस्त्यातच थांबले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

त्यांच्याकडे एक शब्द आहे, सेमना वर्क, मेण आणि सोनं. ओतारी आधी मेणाची मूर्ती करतो, वरून माती लिंपतो, तापवतो, मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत सोनं ओततात. शब्दाचा वरचा अर्थ मेण, आतला सोनं. गीझ या जुन्या भाषेत केने नावाचं काव्य असतं ते असंच दुहेरी बांधायचं, आणि प्रत्येक वेळी नवं, एकदा म्हटलेलं परत नाही. शास्त्रग्रंथांवर जी टीका आहे तिचं नाव अंदेम्ता, कारण तिच्यात पुन्हापुन्हा ‘अंदेम’ येतं, म्हणजे ‘आणखी एक असं’. बायबलातल्या मोशेला झुडूप दिसलं, पेटलेलं पण जळत नाही. मेरिगेता म्हणाले, ते झुडूप मारियम, पोटात देवाची आग घेऊनही जी जळली नाही. अंदेम, छळ सोसूनही न संपलेली माणसं. मी विचारलं यातला खरा कुठला? तर म्हणाले, तू तुझ्या आईला आई म्हणतेस, तुझे वडील तिला दुसऱ्या नावानं हाक मारतात, तिची आई तिसऱ्या, मग यातली खरी कोण?

मी त्यांना नाथांचं विंचवाचं भारूड सांगितलं, विंचू चावतो, लोक हसतात, आणि तो विंचू म्हणजे काम-क्रोध. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं आणि इतरांना अम्हारिकमध्ये समजावत राहिले, संध्याकाळी चुलीपाशी एका पोरानं विंचू चावल्याची नक्कलही केली. मला खरंच वाटतं की आपण गूढ म्हटलं की कुणीतरी दडवलेलं, दाबून ठेवलेलं काहीतरी शोधत बसतो. इथे कुणी काही दडवत नव्हतं. हेनोकचा ग्रंथ, एक प्राचीन धर्मग्रंथ, जगात पूर्ण असा फक्त गीझमध्येच टिकला, त्यांच्या बायबलच्या ८१ पुस्तकांत तो उघड्यावर आहे, फक्त तिथपर्यंत जायला पंधरा-वीस वर्षं गुरूच्या दारात बसावं लागतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लालिबेला. गावातल्या पोरांनी आमचे पाय धुतले, माझे फोड बघून एकीनं अजून पाणी गरम करून आणलं, आणि तिथे मी रडले. नंतर बेते गियोर्गिस हे चर्च पाहिलं, क्रुसाच्या आकाराचं, वरून खाली एका दगडात कोरलेलं. वेरूळच्या शेजारी वाढलेल्या माणसाला वरून खाली कोरणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, कैलास आठव्या शतकातलं, ही अकरा चर्च राजा लालिबेलाच्या नावावर, बाराव्या-तेराव्या शतकातली. आणि वेरूळपासून जवळच खुलताबादला मलिक अंबरची कबर, तोही इथिओपियातच जन्मलेला. मेरिगेतांना हे माहीत नव्हतं, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, राजा जन्मला तेव्हा त्याच्याभोवती मधमाशा जमल्या, त्याचं राज्य मधमाशांनी ओळखलं असाच लालिबेला या नावाचा अर्थ. आणि मधमाशा आल्या म्हणजे मेण आलंच, लिजे.

गेन्नाच्या पहाटे बेते मारियम चर्चच्या अंगणाभोवती जागा मिळेना. वर कड्यावर पुरोहितांची एक रांग, खाली अंगणात दुसरी, वरचे देवदूत, खालचे मेंढपाळ. वरून ‘बेझा कुलु’ आलं, सगळ्यांचा तारणहार, खालून उत्तर गेलं, ढोल, झांजरी, हातातल्या काठ्या एका लयीत पुढे मागे. मेरिगेता खालच्या रांगेत होते. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी माझ्या मुठीत कोलो ओतलं आणि नेतेल्याचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं.